तुझा ससा, माझी बुरशी

कुंदा,

खारून नदीच्या घाटावर तुझ्यासाठी लाकडं रचली होती, त्यातल्या एका आंब्याच्या ओंडक्यावर बुरशी होती. पांढरट राखाडी, करवती काठांचे इवले पंखे, एकावर एक बसलेले, वाळून आत वळलेले. मी पाहिलं आणि सवयीनं मान वळवली, ‘कुंदा, हे बघ’ म्हणायला. शब्द ओठांपर्यंत आले होते. शेजारी तुझा भाऊ अरुण उभा होता, हातात मडकं घेऊन.

“क्या हुआ, ताई?” त्यानं विचारलं.

“काही नाही,” मी म्हटलं.

तो ओंडका तुझ्या पायांच्या बाजूला लागला. तू असतीस तर म्हणाली असतीस, ‘झालं, शेवटी तुझी बुरशीच जिंकली.’ आणि मी भर घाटावर तुझ्याशी वाद घालायला उभी राहिले असते.

तू गेल्याला अजून महिनाही झालेला नाही. घरी कोणी भेटायला आलं की तुझ्या नोकरीबद्दल बोलतात, किती मुली शिकवल्या, आईचं किती केलं, लग्न का केलं नाही. मी मान हलवते. मला त्यातलं काहीच बोलावंसं वाटत नाही. मला ससा आणि बुरशी यांच्याबद्दल बोलायचंय, आणि ते ऐकायला कोणी नाही.

आपली पहिली भेट मुलींच्या कॉलेजच्या स्टाफरूममधली. मी अकोल्याची, यांची रेल्वेत बदली झाली म्हणून रायपूरला आलेली, वनस्पतिशास्त्र शिकवायला नव्यानं लागलेली. तू प्राणिशास्त्राची, रायपूरच्याच बुढापारा मोहल्ल्यात जन्मलेली, भोसल्यांच्या काळात नागपूरहून येऊन इथलंच झालेल्या घरातली. “तुम्ही मराठी का?” मी विचारलं. “हव,” तू म्हणालीस. मला हसू फुटलं. मराठी असल्याचं छत्तीसगढीत सांगणारी बाई मी पहिल्यांदाच पाहत होते.

“हसून काहून राहिल्या?” तू रागावलीस. “आमच्या घरी असंच बोलतात.”

तेव्हापासून आपण भांडत आलो. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते आठवत नाही, पण बहुतेक भांडतानाच झालं असणार.

ससा तू मला पहिल्याच आठवड्यात सांगितलास. एम.एस्सी.च्या सहलीत, कलकत्त्याच्या एका संग्रहालयात तू त्याला पाहिलं होतंस. पेंढा भरलेला, एक काचेचा डोळा निखळलेला. आखूड कान आणि अंगभर काळपट, राठ केस. ससा म्हटल्यावर जे मऊमऊ डोळ्यांसमोर येतं, त्यातलं त्याच्यात काहीच नव्हतं. आसामात भूतानच्या डोंगरांच्या पायथ्याशी, माणसाच्या डोक्यावरून जाणाऱ्या गवतात तो राहतो, असं तू म्हणालीस. मध्ये बरीच वर्षं तो कोणालाच दिसला नव्हता. संपला असं धरूनच चालले होते सगळे. आणि मग एक दिवस परत सापडला. हे सांगताना तुझा आवाज इतका बारीक झाला की मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

“मले एकदा जिवंत पाहायचा आहे,” तू म्हणालीस. “बस. आणखी काही नाही.” मग मला विचारलंस, “तुमचं काय आहे?”

“बुरशी,” मी म्हटलं.

“कोणती?”

“लाकडावरची. साधीच. सगळीकडे असते.”

तू माझ्याकडे ज्या दयेनं पाहिलंस ना कुंदा, ती नजर मी कधी विसरले नाही.

माझं संशोधन तेव्हा बंद पडलं होतं. मार्गदर्शक सर म्हणाले होते, ‘इसमें नया क्या है, ये तो हर लकड़ी पर है.’ मुलगा लहान होता, घर नवं होतं, आणि सरांचं म्हणणं खोटंही नव्हतं. मी कागद बांधून ठेवले होते. मग राज्य वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं, आणि रस्ते रुंद व्हायला लागले. शिरीष, करंज, आंबा, कडुनिंब, ज्यांच्या सावलीतून आपण कॉलेजला जायचो ती झाडं एकेक करून आडवी झाली. ओंडके महिनोन् महिने रस्त्याच्या कडेला पडून असायचे. एका पावसानंतर त्या सगळ्यांवर माझी बुरशी आली. कॉलेजच्या फाटकाबाहेर तू स्कूटर थांबवलीस, एका शिरीषाच्या खोडाकडे बोट दाखवलंस आणि मला विचारलंस, “हेच का तुझं?”

“हेच.”

“सर काय म्हणाले होते? हर लकड़ी पर आहे न? मग चल, हर लकड़ी पाहू.”

त्यानंतरचे आपले रविवार मला आता फार आठवतात. पुढे तू, मागे मी, माझ्या मांडीवर पिशवी, पिशवीत सुरी आणि कागदाच्या पुड्या. तू स्कूटर उभी करून वैतागलेल्या चेहऱ्यानं थांबायचीस, आणि पाच मिनिटांनी तूच खाली वाकलेली असायचीस. एकदा एका पानठेल्यावाल्याला वाटलं, आपण दुकानं पाडायच्या मोजणीला आलोय. तो धावत आला. “मैडम, सर्वे है क्या?”

“नहीं भैया,” तू म्हणालीस. “फुटू देख रहे हैं.”

फुटू म्हणजे इकडची भूछत्रं; ते ऐकून तो खुलला. “खाने वाला?”

“नहीं.”

“तो फिर काहे देख रहे हो?”

“ये तो मैं भी इनसे पूछती हूँ,” असं म्हणून तू माझ्याकडे बोट दाखवलंस आणि पोट धरून हसलीस.

सिलतऱ्याकडच्या ओंडक्यांवर कारखान्यांची काजळी बसलेली असायची. बुरशीचे पंखे काळे दिसायचे. मी बोटानं पुसून दाखवायचे, खाली तीच, पांढरी, केसाळ. तू एकदा चिडून म्हणालीस, “याले काही लाज आहे की नाही? धुरातही उगवून राहिलं! माझ्या सशाच्या गवताला नुसती आग लागली की तो जातो. परत येतच नाही. आणि हे पाहा.” मी म्हटलं, “लाज कसली? त्याला जगायचंय.” “माझ्या सशाले नाही जगायचं का मग?” तू विचारलंस. तेवढ्या उन्हात, ट्रकांच्या आवाजात आपण दोघी प्रौढ बाया अशा काही भांडलो, की एक ट्रकवाला वेग कमी करून पाहत गेला.

माझं संशोधन पुरं झालं ते तुझ्या त्या रविवारांमुळे. तुला दुर्मिळ हवं होतं, आणि तू माझ्या सगळीकडे असणाऱ्यासाठी गावभर फिरलीस. हे मी तुला सरळ शब्दांत कधी म्हटलं का? आठवून पाहते, पण नाही सापडत. ‘चहा घेणार का’ एवढंच म्हटल्याचं आठवतं.

मग तू तो प्रश्न काढलास. घटक चाचणीत, प्राणिशास्त्राच्या पेपरात: ‘एक दुर्लभ जंगली खरगोश और लकड़ी पर उगने वाली एक आम फफूँद, दोनों की तुलना कीजिए.’ मुली गोंधळल्या. कोणाच्या तरी वडिलांनी तक्रार केली. प्राचार्यांनी तुला बोलावलं आणि फफूँद, म्हणजे बुरशी, दिसल्यामुळे मलाही.

“कुंदा मैडम, ये सिलेबस में कहाँ है?”

“सर, खरगोश मेरे सिलेबस में है, फफूँद इनके. दोनों को एक जगह किसी ने रखा नहीं था, मैंने रख दिया.”

प्राचार्य बराच वेळ डोळे मिटून बसले. मग म्हणाले, प्रश्न रद्द करा, आणि एवढीच हौस असेल तर एक तास घेऊन मुलींना समजावून सांगा. तुला तर तेच हवं होतं. बाहेर आल्यावर तू माझा दंड इतका जोरात दाबलास की दुसऱ्या दिवशी निळा झाला.

तो तास! मोठ्या वर्गात दोन्ही विषयांच्या मुली दाटीवाटीनं बसलेल्या. तू फळ्याच्या एका बाजूला ससा काढलास. मी दुसऱ्या बाजूला एक ओंडका. तू सांगितलंस की गवत पचवणं फार अवघड असतं, म्हणून ससा ते दोनदा खातो, एकदा पोटातून बाहेर आलेलं पुन्हा तोंडात घेतो. मुली ‘छी’ म्हणाल्या. मी सांगितलं की बुरशी तर तोंडाशिवाय खाते, आपला रस लाकडात सोडते, लाकूड बाहेरच पचवते आणि मग शोषून घेते. मुली पुन्हा ‘छी’ म्हणाल्या. तू म्हणालीस, दोघांच्याही अंगावर राठ केस आहेत. मी म्हटलं, दोघंही लपलेले असतात, आपल्याला लाकडावर दिसतात ती तिची फळं, खरी बुरशी आत पसरलेली असते. मग मी एक वाळलेला, कडक झालेला तुकडा पाण्यात टाकला. तास संपायच्या आत त्याच्या पंख्याखालचे मिटलेले पडदे उलगडले. पहिल्या बाकावरच्या मुली उठून उभ्या राहिल्या. तू माझ्याकडे पाहिलंस. त्या वेळी दया नव्हती तुझ्या नजरेत.

मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, “मैडम, दोनों में से एक को बचाना हो तो?”

मी सांगितलं, बुरशी नसेल तर मेलेली झाडं तशीच पडून राहतील, जंगलच त्यांच्याखाली दबून जाईल. तिला वाचवा.

“और खरगोश नहीं रहा तो?” त्या मुलीनं तुला विचारलं.

तू खडू खाली ठेवलास. “कुछ नहीं होगा,” म्हणालीस. “किसी को पता भी नहीं चलेगा. इसीलिए बोल रही हूँ.”

जरुरीचं काय आणि जिवाला लागलेलं काय, यावर आपण नंतर किती वेळा बोललो; दर वेळी चहा निवला आणि मुद्दा तिथंच राहिला.

ससा पाहायला जाणं मात्र होत नव्हतं. तुझी आई अंथरुणाला खिळलेली होती, अरुणची नोकरी फिरतीची. दर हिवाळ्यात तू म्हणायचीस, ‘या वर्षी नाही जमत, पुढच्या.’ कधी कुरकुर केली नाहीस. आईला भरवताना तू तिलाही ससा सांगायचीस, आणि ती म्हणायची, “आणला का गं तो ससा?” तू म्हणायचीस, “आणते, आई.” ती गेली त्या वर्षीचा हिवाळा तू तसाच जाऊ दिलास. पुढच्या हिवाळ्यात एक दिवस माझ्या चौबे कॉलनीतल्या दारात उभी राहून म्हणालीस, “मंगला, येतेस का?” मी कुठे म्हणून विचारलंही नाही. हे आतून ओरडले, “जा, जा. घर मी पाहतो.”

हावड्यापर्यंत एक गाडी, तिथून पुढची दुसरी, मग जीप. रस्ताभर तू खिडकीपाशी. आसामात पोचलो तेव्हा गवत जाळायचे दिवस सुरू झाले होते. नवं गवत फुटावं म्हणून जुनं जाळतात. मैलभर काळी जमीन आणि मधेच कुठे न जळलेल्या गवताचे उंच पट्टे. तू जीपमधून उतरलीस आणि त्या काळ्या जमिनीकडे पाहत उभी राहिलीस. मला वाटलं, रडशील. तू म्हणालीस, “जे उरलं आहे त्यातच असेल. दुसरीकडे जाणार कुठं?” आणि चष्मा पुसलास.

रोज सकाळ-संध्याकाळ वनरक्षकाबरोबर जीपमधून फिरलो. हत्ती दिसले, गेंडा दिसला, रानरेडे दिसले. तू त्यांच्याकडे ओळखीच्या माणसांकडे पाहून मान हलवावी तसं पाहायचीस. एकदा गवताच्या बुडाशी लेंड्या दिसल्या. वनरक्षक म्हणाला, खरगोश. तू गुडघ्यांवर बसलीस. “कौन सा?” तो म्हणाला, साधाही असू शकतो, तो दुसराही. साधा ससा त्या भागातही आहेच. तू एक लेंडी तळहातावर घेऊन उन्हात धरलीस, सोन्याची असावी तशी. मला हसू येत होतं.

शेवटच्या सकाळी वनचौकीजवळ आपल्याला पायी थोडं फिरू दिलं. धुकं होतं. मी मागे राहिले होते, स्वेटरमध्ये अडकलेली कुसळं काढत. तू पुढे, गवताच्या पट्ट्याच्या काठाला. तिथं सावरीचं एक जुनं खोड पडलं होतं. तू वाकलीस, आणि मला हाक मारलीस. “मंगला! ये लवकर! तुझं फुटू!”

मी वर पाहिलं. तू खोडावर ओणवी झालेली, पाठ गवताकडे. आणि तुझ्या मागे, गवतातून बाहेर आलेला तो.

काळपट, ठेंगणा. कान आखूड. तो बसला होता. मला ओरडता आलं नाही, ओरडले असते तर तो पळाला असता. मी हात वर केला, तुझ्या मागे बोट दाखवलं. तुला वाटलं, मला बुरशीचा आनंद झाला. तूही हात हलवलास आणि हसलीस. तुझा तो चेहरा, कुंदा! माझ्यासाठी काहीतरी सापडलं म्हणून उजळलेला. मग तो गवतात शिरला. गवताचं टोक हललं, थांबलं.

मी धावत आले. सांगितलं. तू वळलीस तेव्हा गवत एकदम शांत होतं. तू माझा हात धरलास.

“कान?”

“लहान. डोक्याहूनही लहान.”

“रंग?”

“काळपट तपकिरी.”

“मानेवर काळा डाग? साध्या सशाला असतो.”

“नव्हता. निदान मला नाही दिसला.”

“शेपटी? साध्याची खालून पांढरी असते. याची नाही. पळताना दिसते. शेपटी पाहिली का?”

मी आठवून पाहिलं. मी तेव्हा तुझ्याकडे पाहत होते. तू मागे वळशील का, म्हणून. “नाही पाहिली,” मी म्हटलं.

तू माझा हात सोडलास. “मग नाही,” म्हणालीस.

“नाही काय? कुंदा, तोच होता!”

“असेल. पण शेपटी नाही दिसली तर सांगता येत नाही.”

परतीच्या गाडीत तू खिडकीकडे तोंड करून बसलीस. मला राग यायला लागला. तुझ्या आयुष्यभराच्या इच्छेची वस्तू मी डोळ्यांनी पाहून तुझ्यासमोर ठेवत होते आणि तू ती घेत नव्हतीस. “तुले माझ्यावर विश्वास नाही,” मी म्हटलं.

“तुझ्यावर आहे,” तू म्हणालीस. “तुझ्या डोळ्यांवर नाही. तू जिंदगीभर लाकडं पाहिली.”

समोरच्या बर्थवरची बाई पेरू कापत होती. तिनं आपल्या दोघींकडे पाहिलं आणि न विचारता आपल्याला एकेक फोड दिली. आपण खाल्ली. त्यानंतर जरा सावरलं.

पुन्हा जायचं ठरलं होतंच. पण मध्ये तुझा गुडघा, यांचं आजारपण, मग यांचं जाणं. ते दिवस तू माझ्याकडे राहिलीस. एकही धीराचा शब्द न बोलता रोज सकाळी माझ्यापुढे वर्तमानपत्र टाकून म्हणायचीस, “वाच आणि सांग, माझे डोळे दुखून राहिले.” मला बोलतं ठेवायची ती युक्ती होती, हे मला खूप नंतर कळलं. हिवाळे जात राहिले. पण कोणीही भेटलं की तू विषय काढायचीस. “मंगलानं पाहिला. ऐसा वो बोलती है.” आणि मग मला, “सांग न.” मी सांगायचे. धुकं, खोड, आखूड कान. तू डोळे मिटून ऐकायचीस. शेवटी ठरलेला प्रश्न, “शेपटी?” आणि मी, “नाही, पण तोच होता.” आणि तू, “पाहा, नाही न?” अरुणची तन्वी लहानपणापासून हे ऐकत मोठी झाली. ती आपल्या दोघींची नक्कल करायची, एकटीच दोन्ही आवाजात.

या वर्षी तू आजारी पडलीस आणि डॉक्टरांनी अरुणला बाजूला बोलावलं, तेव्हा त्यानं मला हॉस्पिटलच्या जिन्यात गाठलं.

“ताई, एक बात बोलू? तिले सांगा न की शेपटी दिसली होती. आता काय फरक पडतो? तिले बरं वाटेल.”

मला ते पटलं. मी आत आले. दुपारची वेळ होती, तुझ्या पायांवर खिडकीतलं ऊन पडलं होतं. मी स्टूल ओढून बसले. “कुंदा, मी आठवून राहिली होती. तो गवतात शिरला न, तेव्हा वळताना शेपटी...”

तू डोळे उघडलेस.

“इतक्या वर्षांनी शेपटी उगवली का त्याले?”

आणि तू हसलीस. इतकं हसलीस की खोकला आला, नर्स धावत आली, तुला पाणी दिलं, माझ्याकडे रागानं पाहिलं. ती गेल्यावर तू म्हणालीस, “अरुणनं सांगितलं न तुले?”

मी मान हलवली.

“मूर्ख आहे तो. आणि तू त्याच्याहून.” मग माझ्या हातावर हात ठेवलास. “तुले दिसला असेल तर तो तुझा. मले नाही दिसला तो माझा आहे. तुझा मले नको देऊ.”

मग म्हणालीस, “तुझं फुटू सांग. पाण्यात टाकलं की पडदे कसे उघडतात ते सांग.” मी सांगितलं. इतकी वर्षं शिकवलेलं होतं, पण शब्द सापडत नव्हते. पडदे मधोमध चिरलेले असतात, वाळले की दोन्ही बाजूंना वळून मिटतात, ओल लागली की सरळ होतात, मी असं काहीबाही सांगत होते. तू डोळे मिटून ऐकत होतीस, पूर्वी ससा ऐकायचीस तसं. मधेच म्हणालीस, “चांगलं आहे गं ते. मी उगाच बोलायची.” मला ते नको होतं, कुंदा. मला तू भांडायला हवी होतीस.

तेरावं झालं त्या संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर मी बुढापाऱ्याच्या घरी वरच्या खोलीत बसले होते. तन्वी चहा घेऊन आली आणि खाली जमिनीवर बसली. खालून रस्त्यावरच्या हॉर्नचे आवाज येत होते. ती पोट्टी आता नोकरी करते, मराठी समजतं पण उत्तर हिंदीत देते, तू तिला त्यावरून किती बोलायचीस.

“मौसी,” ती म्हणाली, “सच बताओ. वो वही था?”

हा प्रश्न मला नवा नव्हता आणि उत्तर तयार होतं. तोंडावर होतं. मी डोळ्यांसमोर ते धुकं आणलं, खोड आणलं, गवताचा काठ आणला. आणि तो आणायला गेले तर तो नीट येईना. त्याच्या जागी तुझे प्रश्न येत होते. कान किती, रंग कसा, मानेवर डाग होता का. इतक्या वेळा सांगितलाय की कान मी पाहिले की तुझ्याकडून ऐकले, तेच कळेना. स्वच्छ दिसत होतीस ती तू. खोडावर वाकलेली, हात हलवणारी, माझ्यासाठी खूश झालेली.

“माहीत नाही,” मी म्हटलं.

तन्वी चकित झाली. “आत्या के सामने तो आपने कभी ऐसा नहीं बोला.”

“तिच्यासमोर कसं बोलणार? ती लगेच म्हणाली असती, पाहा, मी म्हणत होती न.”

तन्वीनं माझ्या हातातला रिकामा कप घेतला आणि खाली गेली. मी तिथंच बसून राहिले, दरवाज्याकडे पाहत. हरले होते मी, कुंदा, पूर्ण हरले होते, आणि तू आत येऊन ते एक वाक्य म्हणशील अशी वाट पाहत होते.